कॅक्टसला काही करायचं नाही

...नाही, तुम्ही आधी मला एक सांगा, काही करायचं नाही म्हणजे काय करायचं? कारण तुम्हाला सांगतो, ती मुलगी दारातच उभी, खाली रिक्षा थांबवून ठेवलेली, हातातली कुंडी माझ्या हातात देते आणि म्हणते, ‘काका, याला काही करायचं नाही.’ बस्. एवढंच. अहो, मी पावणे गावच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं व्हॉल्व्ह तपासले. कुठे थेंब गळतोय का, कुठे वाफ सुटतेय का, हेच बघण्यात केस गेले. माझ्या हातात वस्तू दिली की मी आधी ती उलटी करून बघतो. आणि ही म्हणते काही करायचं नाही.

ती म्हणजे ईश्वरी. आमच्या ऋषीची होणारी बायको. साखरपुडा मे महिन्यात, हॉलवाल्याला अ‍ॅडव्हान्स देऊन झालेला. मध्येच तिच्या कंपनीने तिला दोन महिने चेन्नईला ट्रेनिंगला धाडलं. खारघरची खोली सोडली, सामान मैत्रिणीकडे टाकलं आणि कॅक्टस आमच्याकडे. कॉलेजात असताना करंगळीएवढा आणला होता म्हणे, आता झालाय हातभर, आणि डोक्यावर एक कळी. इतक्या वर्षांत पहिली. म्हणाली, ‘मी परत येईन तेव्हा उमलेल बहुतेक,’ आणि त्या काट्यांमधून इतक्या अलगद बोट फिरवलं तिने... मला बघूनच बरं वाटलं हो. म्हटलं, पोरगी मायाळू आहे.

पण मेख वेगळीच होती. लग्नानंतर ही दोघं आमच्यात राहणार की वेगळी, ते ठरलंच नव्हतं. ऋषीला विचारलं की एकच उत्तर, ‘बाबा, ईश्वरी बघेल.’ बघेल म्हणजे? अरे, आम्ही इथे नेरूळला आतली खोली रंगवून बसलोय! सुचित्राने, म्हणजे आमच्या मिसेसने, पडदे शिवायला टाकलेत. माझी आई, वय वर्षं चौऱ्याऐंशी, तिने जुनी लुगडी काढून दुपटी शिवायला घेतलीत... अजून साखरपुडा नाही, आणि हिची दोन दुपटी तयार. तेव्हा माझ्या लगेच लक्षात आलं, नंदकुमार, ही कुंडी नाही, ही परीक्षा आहे. ज्या घरात कॅक्टस जगतो त्या घरात सून नांदते, असंच ती पोरगी मनात धरून गेली असणार. मी घरात जाहीर केलं, ‘याला काही करायचं नाही. कुणीही.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या घरात माना डोलावल्या की मला भीती वाटायला लागते.

पंधरा दिवस बरे गेले. मग मला तो बुडाशी जरा पिवळट दिसायला लागला. आता पिवळा म्हणजे काय? तहान की कावीळ? वरच्या मजल्यावरचे दिनानाथ आले, ते कशावरही मत देतात. कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं बघितलं, म्हणाले, ‘नंदकुमार, काटेरी झाड घरात ठेवलंस? अरे, भांडणं लागतात घरात, वास्तूत सांगितलंय.’ म्हटलं, भांडणाचं राहू द्या, पिवळं का पडलंय ते सांगा. तर म्हणे, ‘उन्हाळा आहे, त्यालाही उकडत असेल.’ यांना वाटतं, सगळ्यांनाच उकडतं. यांचा एसी दिवसभर चालू, का? तर कुत्र्याला उकडतं! अंगावर इतकी लोकर असलेलं कुत्रं नवी मुंबईत आणायचं, मग त्याच्यासाठी एसी लावायचा, आणि वास्तू आम्हाला शिकवायची. जाऊ दे.

आणि दर रविवारी ईश्वरीचा व्हिडिओ कॉल. ‘काका, दाखवा ना जरा.’ मी कुंडी अशी फिरवायचो की पिवळी बाजू भिंतीकडे आणि हिरवी तिच्याकडे. मुलगी बघायला आलेल्या लोकांपासून आम्ही एवढं लपवलं नव्हतं हो आमच्या बहिणीच्या वेळी, तिचा चष्मासुद्धा दाखवला होता. इथे मी फोन वर धरून नुसती कळी दाखवतोय. ‘काका, बूड दाखवा ना.’ ‘रेंज जातेय गं... हॅलो... हॅलो...’ एकदा म्हणाली, ‘काका, कुंडी उचलून बघा, हलकी लागते ना? माती कोरडी असली की हलकी लागते. हलकी म्हणजे सगळं ठीक.’ मी तिच्यासमोर एका हाताने उचलायला गेलो आणि... तुम्हाला सांगतो, गॅसचा सिलिंडर उचलल्यासारखं वाटलं. चेहरा हसरा ठेवला. म्हटलं, ‘फुलासारखी आहे.’ मनगटात कळ आली ती दोन दिवस होती.

फोन ठेवला आणि देवापुढची अगरबत्तीची काडी घेतली, विझलेली, ती मातीत खुपसली. बाहेर काढली तर पार वरपर्यंत ओली, आणि माती अशी चिकटलेली. म्हणजे पाणी! मी तर थेंब घातला नव्हता. मग घालतंय कोण? बत्तीस वर्षांचा अनुभव काय सांगतो, गळती आपोआप होत नाही, कुठलातरी व्हॉल्व्ह कुणीतरी उघडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये पेपर उघडून बसलो. पेपर उलटा होता, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. आई आली. पूजा आटोपून, हातात तांब्याचं ताम्हन, देवांच्या आंघोळीचं पाणी. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि ओतलं कुंडीत. सगळं! हळदकुंकवासकट!

‘आई!’

‘ओरडतोस काय? देवाचं पाणी मोरीत ओतू? पायाखाली येईल कुणाच्या. तुळस होती तोवर तुळशीत घालत होते. तुमच्या सोसायटीने मध्यंतरी रंगकामाला ती हिरवी जाळी लावली, ऊन बंद झालं आणि माझी तुळस गेली. मग घरात दुसरी कुंडी कुठली आहे?’

तिचं शंभर टक्के बरोबर होतं. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात देवाचं पाणी झाडाच्या मुळाशीच गेलंय. ते झाड वाळवंटातलं आहे, हे देवाला कोण सांगणार? म्हटलं, आई, याला काही करायचं नाही गं. तर म्हणते, ‘मी कुठे काही केलं? मी पूजा केली.’

एवढ्यात स्वयंपाकघरातून सुचित्रा, हातात पातेलं. मला बघून पातेलं मागे. म्हटलं, काय आहे ते? ‘काही नाही, तांदळाचं धुवण.’ कुठे चाललंय? ‘अहो, धुवणासारखं टॉनिक नाही झाडाला. माझ्या माहेरी नुसत्या धुवणावर गुलाब असे वाढलेत. पोर परत येईल तेव्हा झाड टवटवीत दिसायला नको? म्हणेल, सासूने साधं पाणी नाही घातलं.’ रोज, तुम्हाला सांगतो, रोज दोन्ही वेळच्या भाताचं धुवण. आमच्याकडे भात दोन्ही वेळा लागतो.

मी डोकं धरून बसलो. तर तो ऋषी, ज्याला ईश्वरीने बाजूला घेऊन वेगळं समजावलं होतं, तो ऑफिसला निघताना कालच्या बाटलीतलं उरलेलं पाणी कुंडीत रिकामं करतोय, इतक्या सहज, जणू ते सिंक आहे! म्हटलं, अरे गाढवा, तू पण? ‘बाबा, एवढंसं तर आहे. मला वाटलं तुम्ही कोणी घालत नाही, बिचारं तहानलेलं असेल.’ प्रत्येकाला वाटत होतं बाकीचे कोणी घालत नाहीत, आणि प्रत्येकाला दया येत होती. त्या कॅक्टसवर आमच्या घरात जेवढी दया झाली तेवढी माझ्यावर आजवर झालेली नाही.

मग जे व्हायचं ते झालं. आई म्हणाली, धुवणानेच सडलं असणार, देवाच्या पाण्याने कधी काही सडत नाही. सुचित्रा म्हणाली, हळदकुंकू कुणी घातलं मुळाशी? आई म्हणाली, माझ्या सासूबाईंपुढे मी कधी असं बोलले नाही. सुचित्रा म्हणाली, त्यांच्याकडे कॅक्टस नव्हता. दोन दिवस घरात भांड्यांचे आवाज, माणसांचे नाहीत. दिनानाथ जिन्यात भेटले, म्हणाले, ‘काय, मी म्हटलं नव्हतं? काटेरी झाड!’

पण मी ठरवलं, आता हे मी हातात घेणार. ईश्वरी यायला आठवडा उरलेला. बुडाशी बोट लावलं तर जरासं दबत होतं, पण कळी अजून होती. म्हटलं, कुणाचा हात पोचणार नाही अशी जागा पाहिजे. आतल्या खोलीच्या, म्हणजे त्या दोघांसाठी रंगवलेल्या खोलीच्या खिडकीबाहेर ग्रिल आहे. तिथे ठेवली कुंडी. ऊन लागेल, वारा लागेल, माती वाळेल. खिडकी बंद. कडीला कुलूप. चावी माझ्या लेंग्याच्या नाडीला. पडदासुद्धा ओढून टाकला, कारण बघितलं की माणसाला दया येते. काही करायचं नाही ना? मग बघायचंही नाही. मी स्वतःसुद्धा नाही बघितलं. इतकं काटेकोर ‘काही न करणं’ नवी मुंबईत आजवर कुणी केलं नसेल. आई येता-जाता दाराशी थांबायची, ताम्हन घेऊन. मी मान हलवायचो. ती ताम्हन घेऊन खाली बागेत जायची, जिने चढून-उतरून, चौऱ्याऐंशी वर्षांची. पण ऐकलं तिने. सगळ्यांनी ऐकलं. मला घराचा अभिमान वाटला.

शनिवारी ईश्वरी आली. काकूंना नमस्कार, आजींना नमस्कार, आणि, ‘कुठाय?’ मी रुबाबात नाडीची चावी सोडवली, कुलूप काढलं, पडदा सरकवला, खिडकी उघडली.

टप्.

मी वर बघितलं. टप्. वरून एक पाइप लोंबत होता. दिनानाथांच्या एसीचा. बरोब्बर कुंडीवर. टप्. कुत्र्याला उकडतं ना! आठवडाभर, दिवसभर, थेंब थेंब... आणि मी, गळती शोधण्यात आयुष्य घालवलेला माणूस, गळतीच्या खाली कुंडी ठेवून वर कुलूप लावून बसलो होतो. आई माझ्याकडे बघत होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

ईश्वरीने हात लावला आणि तो कॅक्टस तिच्या हातात कलंडला हो, बुडापासून. कळी आधीच गळून मातीत पडलेली, काळी पडून. मला रडू आलं. खोटं नाही सांगत, या वयात, होणाऱ्या सुनेसमोर. म्हटलं, पोरी, चुकलं आमचं. आम्ही खूप काळजी घेतली गं.

‘ते दिसतंय काका,’ म्हणाली. चिडली नाही. सुरी मागितली. बुडाकडून चकत्या कापत गेली, आतून तपकिरी, तपकिरी, अजून तपकिरी, आणि आम्ही चौघं सभोवती उभे, ऑपरेशन थिएटरबाहेर उभे राहतात तसे. शेवटी वीतभर टोक उरलं आणि काप हिरवागार निघाला. ‘जिवंत आहे,’ म्हणाली. सुचित्राने देवाला हात जोडले. आई लगेच ताम्हनाकडे वळली, मी हात धरला.

ईश्वरीने ते टोक वर्तमानपत्रावर आडवं ठेवलं. म्हणाली, ‘आठवडाभर असंच पडू द्या, जखम सुकेल. मग कोरड्या रेतीत उभं करायचं. पाणी नाही. मुळं शोधायला त्याची त्याला गरज वाटली पाहिजे. तुम्ही पाणी दिलंत तर ते कशाला मुळं फोडेल?’ आणि मग, त्याच सुरात, सुरी पुसता पुसता, ‘काका, काकू, रागावू नका, पण मी आणि ऋषीने सीवूड्सला, पुढच्याच स्टेशनला, भाड्याने घर बघितलंय. लग्नानंतर तिकडे राहू. हे टोक मात्र तुमच्याकडेच ठेवते. याला मुळं फुटली की आम्ही परत येऊ इथे. प्रॉमिस.’

सुचित्रा पडद्यांकडे बघत होती. मी म्हटलं, मग आम्ही काय करायचं गं तोपर्यंत? तर हसली. तुम्हाला माहितीच आहे काय म्हणाली ते.

तेव्हापासून आम्ही तिघं त्या वर्तमानपत्राभोवती बसून असतो. काही करत नाही. सुचित्रा भाताचं धुवण मोरीत ओतते आणि ओतताना तोंड फिरवते. कॅक्टसच्या रिकाम्या कुंडीत नवीन तुळस लावली, ती बिचारी सगळं पिते. आज सकाळी आई हळूच म्हणाली, ‘नंदू, पाणी नाही घालत, पण जखम आहे ना त्याला... नुसतं जरासं कोमट तेल लावून चोळलं तर?’ आणि हात पुढे केला, आणि टोचला. बसली बोट चोखत.

काटे कशाला दिलेत त्याला, ते मला आत्ता कळलं. पोरीला बिचारीला काटे नाहीत, म्हणून तिने सीवूड्सला घर बघितलं.