बाराचा भोंगा

कार्यक्रमाचे अध्यक्ष पाद्री कूम्ब्स, व्यासपीठावरचे अग्निशमन दलाचे प्रमुख, सत्कारमूर्ती वर्लिन स्टिडम, आणि कॅडल्स फोर्कच्या माझ्या माणसांनो,

बाराला दहा मिनिटं कमी आहेत. माझं सारखं घड्याळाकडे लक्ष जातंय, सांभाळून घ्या. मागून मक्याच्या पावाचा वास येतोय, म्हणजे तुमचंही लक्ष माझ्याकडे नाही. निम्म्यांना मी पाढे शिकवलेत, तेव्हाही नव्हतं.

आपल्या गावाचा इतिहास तो काय? खाण आली, तिच्यामागून गाव आलं. खाण गेली, गाव या डोंगरात राहिलं. खाणीच्या भोंग्यावर आपण उठलो, जेवलो, लग्नाच्या वेळा ठरवल्या. तो बंद पडला त्या आठवड्यात माझी आई दोनदा जेवायची विसरली.

मग भोंगा अग्निशमन दलानं घेतला आणि दलातल्या वर्लिनच्या ताब्यात आला. ओढ्याला पूर आला की वाजवायचा, एवढंच काम. पण आपल्याला करमेना. रोज बाराला वाजवा, असा अर्ज गेला. वर्लिन म्हणाले, "अगं, जेवायला घड्याळ बघा की! रोज वाजवला तर गरजेला कोण हलेल?" आपण ऐकलं? छे. त्यांनाच ऐकावं लागलं.

मार्चमधल्या त्या मंगळवारी ओढा चढला तो नेमका बाराला. वर्लिननी भोंगा सुरू केला आणि थांबवलाच नाही. आपण हात धुऊन जेवायला बसलो. आई म्हणाली, "आज वर्लिनला भूक जास्त लागलेली दिसते." आम्ही हसलो. ओढ्याकाठच्या पहिल्या घरात त्यांची बायको आयडेला दोन ताटं मांडून वाट बघत होती. ती तिसऱ्या दिवशी सापडली.

त्यानंतर एकवीस वर्षं बाराला भोंगा वाजलेला नाही. "वर्लिननं आपल्या हातानं बायको बुडवली," हे याच हॉलमध्ये बोललं गेलंय. उद्या ते ओहायोला मुलीकडे चाललेत, आणि आपण त्यांना भेट काय देतोय? भिंतीवरचं घड्याळ. कुणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे.

तो अर्ज वर्लिननी कधीच कुणाला दाखवला नाही. त्यावर पहिली सही माझी होती. बाकीच्या एक्केचाळीस मी दारोदार फिरून गोळा केल्या. दर नाताळाला त्यांच्या दारात केक ठेवत राहिले, पण तोंड उघडलं नाही. मला लाज वाटते.

असो. संयोजकांचे आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, तर ते तुम्ही पोटात घालालच. वर्लिन, तुझ्याकडे मात्र भाषणाची माफी मागत नाही, त्या सहीची मागते. भोंग्याची किल्ली अजून तुझ्याच खिशात आहे. वाजव, नाहीतर नको वाजवूस. पण आज तू जेवायला बसल्याशिवाय या हॉलमध्ये कुणी ताटाला हात लावणार नाही.