इलारिओचा साप

—दाखव बघू ते खोकं. तेच, मांडीवर धरलंयस ते. अगं दाखव, खात नाही मी तुला. हं... दगड! वाटलंच मला. विजेवर तापणारा, वायर जोडलेला दगड, खोक्यावर पालीचं चित्र. इलारिओनंच घेतला ना? आणि म्हणाला असेल, ‘येसेनिया, हा सोबत ने, म्हणजे एदुविखेसला कळेल की आपण सगळी तयारी केलीय.’ तयारी म्हणे! माझा नवरा नेलास, आता साप न्यायला आलीस — ठीक आहे, आलीस तर बस, खुर्ची आहे — पण येताना डोकं तरी घेऊन यायचंस. आणि तो खाली गाडीत बसलाय, पाहिलं मी खिडकीतून. गुडघे दुखतात? माझ्याशी बोलायचं असलं की त्याचे गुडघे नेहमीच दुखतात.

कधी साप पाळलायस? नाही. मांजर? तेही नाही. वा! मग ऐक. इलारिओ बसडेपोतून निवृत्त झाला नि घरात बसून कंटाळला, म्हणून त्यानं हा अजगर आणला. या पचुका शहरात, जिथं वारा माणसाच्या हाडात शिरतो तिथं, आफ्रिकेतला अजगर! सोबत काचेची पेटी, आणि दगड — अगदी हाच, पालीच्या चित्रासकट. दगडाची पिन लावली, पेटीत ठेवला, आणि साहेब फुटबॉल बघायला बसले. साप त्या दगडावर वेटोळं करून पडला तो पडलाच. शेजारी आले, साडू आला, सगळ्यांना हा दाखवतोय — ‘बघा कसा खूश आहे!’ खूश! अगं, पोटाखालचा चटका सापाला वेळेवर कळतच नाही. ऊब मिळते म्हणून तो पडून राहतो, आणि भाजत राहतो. कुणी उचलून बघेल तेव्हा कळायचं. पण उचलणार कोण? पेटी साफ कोण करायचं? मीच. मी — झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी बाई — हातात मोजे घालून, देवाचं नाव घेत त्याला उचलला, आणि बघते तर पोटाचे खवले करपलेले, मध्ये एवढा मोठा फोड. म्हटलं, ‘इलारिओ, हा भाजलाय रे.’ टीव्हीवरून नजर न काढता काय म्हणाला असेल? ‘असं? मग दुकानात परत देऊ, दुसरा आणू.’ शिळा पाव निघावा तसं. तेव्हाच कळायला हवं होतं मला — काय? नाही, सापाबद्दलच बोलतेय मी. दुसरं काय बोलणार तुझ्याशी?

शालीत गुंडाळून, कॉम्बी व्हॅनच्या गर्दीतून मीच त्याला नेला दवाखान्यात. जनावरांची डॉक्टरीण बेर्ता अशी ओरडली माझ्यावर — माझ्यावर! मी म्हटलंसुद्धा नाही की बाई, दगड माझा नाही. तेव्हापासून रोज मलम, रोज खालचा कागद बदलायचा. आणि पेटी नव्यानं मांडली, तीही मीच. हे बघ, ये इकडे, लांबून काय दिसणार? गरम होणारी चटई काचेच्या खाली, बाहेरून लावलीय, आणि तीही या एकाच बाजूला. दुसरी बाजू गार ठेवायची, म्हणजे उकडलं की त्याला तिकडे सरकता येतं. दोन्हीकडे लपायला एकेक मडकं. हे यंत्र, थर्मोस्टॅट — याची वायर चटई नि काचेच्या मध्ये चिकटवलीय. उष्णता वाढली की हे आपोआप वीज तोडतं. हे नसेल तर पिन लावायचीच नाही, कळलं? आणि आत थर्मामीटर — या बाजूला बत्तीस अंशांच्या आसपास, पलीकडे बरंच कमी. नुसता हात लावून ‘कोमट आहे’ म्हणायचं नाही. इलारिओ तसंच म्हणायचा. एकदा त्यानं आत उघडा बल्ब टांगला होता, जाळीशिवाय! साप त्याच्यावर चढायच्या आत काढला मी. ‘तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते’ — हे वर मलाच.

जानेवारीत वाऱ्यानं तारा तुटल्या, दुपारभर वीज नाही. साप गार पडत चाललेला. मी त्याला स्वेटरच्या आत घेतला. हसू नकोस. पोटाशी धरून बसले, वीज येईपर्यंत. मग तो हळूच हलला, त्याचं तोंड इथं, माझ्या गळ्याशी... असो. इलारिओ त्या दुपारी कुठं होता, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

हात लावायचाय? लाव. डोक्यावर नाही गं! पाठीवर, सावकाश. आता बोट पोटाकडे ने — लागलं? खडबडीत? तो डाग आता जायचा नाही. काय झालं? पाणी हवंय?

हॉर्न वाजवतोय बघ. वाजवू दे, शेजाऱ्यांना सवय आहे त्याच्या हॉर्नची. साप मी देणार नाही, हे तू दारात उभी होतीस तेव्हाच ठरलं होतं; बोलण्यात वेळ गेला, एवढंच. रडू नकोस, माझ्या घरात रडायचा हक्क तुला नाही. खाली जा, त्याला सांग, साप मेला. हो, असंच सांग. आणि नीट ऐक तो काय विचारतो ते. कसा मेला, कधी मेला, एवढं जरी विचारलं ना — तर परत ये, पेटी, चटई, यंत्र, सगळं माझ्या हातानं बांधून देईन. खरंच देईन.

काय बघतेस? उत्तर तुलाही माहीत आहे वाटतं.

जा आता.