अक्कानं पाहिलेलं हैदराबाद

माझं माहेर उदगीरकडचं, ताई, नाव सांगून तुमाला कळायचं नाही एवढं बारकं गाव. आमी दोघी बहिनी, अक्का थोरली, मी कमल धाकटी. अक्काला शेजारच्याच गावात दिली आनि मला हैदराबादेत, कारन नवरा बेगम बाजारात मसाल्याच्या दुकानात कामाला व्हता, मिरचीची पोती चढवायचा, उतरवायचा. घरी आला की अंगाला मिरची, जेवताना शिंका, झोपताना शिंका, हसायचो आमी दोघं. मंग त्या मिरचीनं त्याची छाती धरली, गेला बिचारा. लेकरू नाही. तवापासून मी विद्यानगरला तीन घरी स्वैपाक करते, आनि राहायला अंबरपेठेत, मुशी नदीच्या अंगाला, खालची खोली माझी, वर रझिया आपा.

काय सांगू तुमाला, अक्का दर दिवाळीला इचारायची, कमे, चारमिनार कवा दाखवतीस, तो गोवळकोंड्याचा किल्ला कवा दाखवतीस. मी म्हनायची ये की, पन तिचं रान, तिच्या म्हशी, तिच्या सुनंची बाळंतपनं, जमलंच नाही. आनि मी तरी कुठं बघितलं व्हतं, हितं राहून. चारमिनारवरून बसनं गेले ते गेले, उतरून बघायला सवड कुनाला.

तर गेल्या पावसाळ्यात एकदम आली. स्टँडवरून फोन, उतरलेय, घ्यायला ये. म्हन्लं अगं भर पावसाचं कामून आलीस, तर म्हन्ली पावसानं रानातली कामं थांबलीत, गुडघे अजून चालतेत, आता नाही आले तर नाहीच येनार. मी घरोघरी सुट्टी मागितली. एक बाई कुरकुरली, कुरकुरू दे म्हन्लं.

चारमिनारपाशी नुसता चिखल, बांगड्यावाल्यांनी दुकानावर प्लास्टिक ओढलेलं, आनि अक्का भर गर्दीत मान वर करून उभी. लोक धक्के देऊन चाललेत, तिला त्याचं काही नाही. म्हन्ली, कमे, किती उंच बांधलंय गं, आनि हातानं बांधलंय.

दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा. आभाळ मोकळं व्हतं म्हनून निघालो, अर्ध्या पायऱ्या चढलो आनि असा पाऊस आला की समोरचं दिसना. कमानीखाली बसलो दोघी, चिंब. पायऱ्यांवरून पानी उड्या मारत खाली यायलं, अक्का लहान पोरीवानी बघायली. डब्यातली धपाटी काढली, मला वाढली. मला किल्ल्याचं काय कळतंय ताई, मला दिवसाउजेडी बसायला मिळालं हेच लई वाटलं. तिच्या खांद्यावर डोळा लागला माझा.

जाग आली ती फोननं. रझिया आपा. कमला, जल्दी आओ, पानी अंदर आ रा.

कसं आलो काय सांगू. बस मधीच थांबली, पूल बंद, पोलीस म्हनतोय मागं फिरा, मी म्हनतेय माझं घर हाय तिकडं. लांबून वळसा घालून, भिजत, चालत आलो. खोलीत गुडघाभर पानी, नाल्याचं, काळं. ज्वारीचं पीठ गेलं, गादी गेली. मी दारातच बसकन मारली. आपा जिन्यावरून म्हन्ली, नक्को रोओ, चूल्हा ऊपर है, फोटो ऊपर है, भाईसाबकू मैंच उठाके लेके गई. माझ्या नवऱ्याचा फोटो तिनं पहिल्यांदा उचलला बगा, मंग बाकीचं.

अक्कानं कधी परक्याच्या घरचं पानी घेतलेलं नाही, त्या दिवशी आपाच्या घरी खिचडी खाल्ली, अजून घेतली. सकाळी पानी उतरलं तर साडी खोचून माझ्या आधी खोलीत शिरली, बादल्यांनी गाळ काढला. काढता काढता थांबली. कमे, हे असं दर साली येतंय का गं? म्हन्लं दर साली नाही, एखादं साल येत बी नाही. हात धुतले, माझ्यापाशी बसली, म्हन्ली चल. माझ्यासंगं चल. बस झालं तुझं हे हैदराबाद. आपली परसातली खोली रिकामी हाय, सुना चांगल्या हायेत, भाकरी कुनी मोजत नाही.

आपा चहा घेऊन दारात उभी व्हती, तिनं ऐकलं, कप ठेवले आनि वर गेली.

अक्का एकटी गेली. बसच्या खिडकीतून माझा हात सोडीना. मी म्हन्लं पाऊस सरला की येते. पाऊस सरला, दिवाळी झाली, उन्हाळा गेला, आता परत आभाळ भरायलंय. तिचा फोन येतोय, कमे, निघालीस का. म्हनते निघते. आपा बी परवा म्हन्ली, जाओ कमला, बहेन बुलारी, आनि म्हनताना तोंड फिरवलं तिनं.

जावं वाटतंय ताई. पन दमलेय मी. ऱ्हायाला जेवढं बळ लागतंय ना, त्याच्यापेक्षा जास्त निघायला लागतंय, हे कुनी सांगत नाही. खोली रिकामी करायची, त्या तीन घरांना सांगायचं, आपाला सांगायचं. रोज संध्याकाळी म्हनते उद्या, सकाळी उठून कनिक मळायला जाते.

असू द्या. तुमी वरच्या मजल्यावर राहता ना? मंग बरं हाय. देव तुमाला असंच कोरड्यात ठेवो.