परक्या घराची वास्तुशांत

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. प्रश्न साधा आहे – घर कुणाचं? कागद ज्याच्या कपाटात, त्याचं? ... माना हलवू नका एवढ्यात! आधी आख्यान ऐका.

कराडचा सदानंद बिडकर. लग्नाला सहा महिने झाले आणि बदली झाली – कुठं? मुंबईला! मग काय, बायको शरयू, दोन बॅगा आणि चुलतभावाची एक खोली. भाऊ, वहिनी, दोन पोरं आणि हे नवं जोडपं, सगळे त्याच खोलीत. नवरा-बायकोला दोन शब्द बोलायचे असतील तर भाजी आणायला जावं लागे! हसता काय? त्या घरात रोज तीनदा भाजी येत होती!

शेवटी वहिनी म्हणाली, "भाऊजी, रविवारी माझी आई येतेय." बस! सुज्ञास सांगणे न लगे.

आणि देव पावला. नवी कोरी इमारत, एकोणिसावा मजला, रंगाचा वास अजून गेलेला नाही! मालक भास्करराव गोवईकर. निवृत्त, विधुर, डोंबिवलीला एकटे राहणारे. सगळी पुंजी ओतून घेतलेलं घर. म्हणाले, "भाड्यानं देतो. पण वास्तुशांत झाल्याशिवाय घरात पाऊल नाही. पूजेला जोडपं लागतं. माझी सुमती तर गेली. तुम्ही दोघं बसा. नाव-गोत्र मात्र माझं सांगायचं. गोत्र भारद्वाज. लक्षात राहील?"

"राहील काका!" सदानंद म्हणाला. अहो, घरासाठी त्यानं मालकाची वंशावळ पाठ केली असती!

शनिवारी गुरुजी आले. घाईत! नव्या इमारतीत एकच मुहूर्त, तीन मजल्यांवर तीन वास्तुशांती. चौदाव्या मजल्यावरचा होम आटपून आलेले, बाविसाव्यावर माणसं पाटावर बसलेली. सदानंदाच्या हातात पळीभर पाणी दिलं आणि विचारलं, "हं, गोत्र?"

मुंजीपासूनची सवय हो! तोंडातून बाण सुटला – "काश्यप!"

"नाव?"

"सदानंद!"

सुटलं पाणी ताम्हनात. झाला संकल्प!

भास्करराव ताडकन उठले. "अहो, हे काय? घर माझं! वास्तुपुरुषाला यजमान कोण म्हणून कळवलंत? भाडेकरू? नाही जमायचं! रद्द! उचला तुमच्या बॅगा!"

सदानंदाचं तोंड पांढरं फटक! डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असेल? वहिनीची आई!

गुरुजी शांतपणे म्हणाले, "सुटलेलं पाणी परत पळीत येत नाही. पुन्हा पहिल्यापासून करायचं तर मला पुढच्या गुरुवारी वेळ आहे."

इतक्यात शरयू उठली. डोळ्यांत पाणी, पण आवाज स्पष्ट. "काका, चूक झाली. आम्ही जातो. पण स्वयंपाक झालाय, आणि पाटावरून उपाशी माणूस उठवू नये. एवढी पूजा होऊ द्या, जेवा, मग आम्हाला घालवा."

आता पोळीला नाही कोण म्हणेल? पूजा झाली. पानं मांडली. भास्करराव वाढायला पुढं झाले, तर गुरुजींनी अडवलं. "तुम्ही नाही! यजमान वाढतो आणि शेवटी जेवतो. आजचे यजमान हे. तुम्ही पाहुण्यांत बसा."

मंडळी, बघा गंमत! स्वतःच्या घरात मालक पाहुणा! फुगून बसले पानावर. सदानंद वाकून वाढतोय, शरयू आग्रह करतेय. "काका, अजून एक पोळी. अहो अर्धी तरी! तूप नाही घेतलंत." भास्कररावांचा घास हातातच थांबला. सुमती गेल्यापासून दोन वर्षांत त्यांना कुणी 'अजून घ्या' म्हणालं नव्हतं हो! डोंबिवलीत स्वतःच वाढायचं, स्वतःच पुरे म्हणायचं. म्हातारा तिथंच रडला. सगळ्यांदेखत, पानावर!

गुरुजीसुद्धा बाविसावा मजला विसरले.

हात धुऊन भास्करराव दाराशी गेले. चपला घातल्या. बॅगांचं नाव नाही, रद्दचं नाव नाही! सदानंद मागं उभा. म्हाताऱ्यानं वळून पाहिलं आणि हळूच विचारलं, "पुढच्या रविवारी... येऊ का रे मी?"

ऐकलंत? मालक विचारतोय! भाडेकरूला!

सदानंद म्हणाला, "या ना काका!"

आता सांगा, घर कुणाचं? अहो, 'या' म्हणायला जो दारात उभा राहतो, त्याचं! आणि आपण? दारावर पितळी पाटी, पाटीवर तीन पिढ्यांची नावं, आणि बेल वाजली की आतून काय म्हणतो? "कोण आहे आत्ता, जेवायच्या वेळी?" ... मागच्या रांगेतले, खाली बघू नका, मी तुमच्याकडे येऊन गेलोय! आज घरी जाल तेव्हा शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याची कडी वाजवा आणि एवढंच म्हणा – जेवायला या. पांडुरंग वेगळा शोधावा लागणार नाही. घ्या टाळ हातात!