पाचच फुलदाण्या

सत्यशीला साहेबराव हिवराळे, वय ३२ वर्षे, धर्म बौद्ध, धंदा घरकाम, राहणार स्टेशनच्या मागे, बदनापूर, तालुका जालना, जिल्हा औरंगाबाद. आज दि. १२ मार्च १९७४ रोजी ठाण्यात स्वतः येऊन सांगते ते असे.

आमच्या घरी दगडी चाकावर काचेला नक्षी पाडायचे काम चालते. जालन्याचे व्यापारी पुंजारामशेठ यांनी फुलदाण्या करायला दिल्या. निळी काच, त्यावर ज्वारीची कणसे, बुडाला नंबर. ठराव असा की नग पाचच, सहावा कोणालाच नाही. चार त्यांनी नेले होते.

काल दुपारी शेठ पाचवी न्यायला आले. बरोबर त्यांचा माणूस धर्मराज होता. फुलदाणी उजेडात धरून शेठ खूष झाले. मग धर्मराजने दाराला आतून कडी घातली.

शेठ माझा नवरा साहेबराव याला म्हणाले, "उद्या दुसरा व्यापारी आला तर त्याला बी करून देशील. मंग माझ्या पाचाला कोण इचारतंय?"

नवरा म्हणाला, "शब्द दिला ना मालक. बिलकुल देणार न्हाई."

"शब्दावर धंदा होत न्हाई."

धर्मराजने नवऱ्याला पालथे पाडून त्याचा हात पाट्यावर दाबून धरला. पुंजारामने फुलदाणी खाली ठेवली आणि माझा वरवंटा उचलून बोटे ठेचली. आधी उजवा हात, मग डावा. हाडे मोडताना ऐकू आली. पाट्यावर सकाळची चटणी राहिली होती, ती जखमेत गेली. नवरा गुरासारखा ओरडत होता आणि माझ्याकडे बघून मान हलवत होता, की तू बोलू नको.

मी पाचवी फुलदाणी पुंजारामच्या तोंडावर हाणली. त्याचा गाल फाटला. मी म्हणाले, "पाच पाहिजे व्हय रे मुडद्या? घे, आता चारच राह्यल्या!" दोघे कडी काढून पळाले. मला पस्तावा नाही. जमादारसाहेबांनी हे लिहू का विचारले. मी म्हणाले, लिहा.

आता पुंजारामला माहीत नाही ते सांगते. नवरा फक्त चाक फिरवतो. काच मी धरते. ती कणसे माझी आहेत. वडील काचेच्या कारखान्यात होते, त्यांच्याजवळ शिकले. बाईच्या हातचे म्हटले की व्यापारी नाक मुरडतो, म्हणून तो दारात आला की मी चहाला उठायची आणि नवरा माझ्या जागेवर बसायचा. त्याला एक रेघ धड येत नाही. "करणारी ती हाय" एवढे म्हणाला असता तर सुटला असता. मेल्याने तोंड उघडले नाही.

आज दवाखान्यात उजव्या हाताची बोटे काढली. शुद्धीवर आल्यावर तो आधी म्हणाला, "तुझे हात दाखव."

जबाब मला वाचून दाखवला. माझा धंदा घरकाम लिहिला होता, तो चुकीचा आहे. तेथे काचेवर नक्षी कोरणे असे वाचावे. बाकी मी सांगितले तसेच आहे. सही माझ्या हाताची.

सत्यशीला हिवराळे