जावयाचं मासं आन् वाकळंची खिडकी

...आन् वर आमची बायकू म्हंती काय, तुमच्या नजरनं मासं मराय लागलं! तुमास्नी सांगतो मंडळी, गळ्यात माळ हाय माज्या, माजी नजर माशाला लागंलच कशी?

मासं जावयाचं. आमचा किस्नात मिलिट्रीत हाय, गेल्या सुट्टीला कलकत्त्यास्नं काचंची पेटी आन् दुधाच्या किटलीत लाल मासं घिऊन इस्लामपुरात उतरला. म्हनला, "मामा, बारशाला येतो, तवर जिवापाड जपा." जावयाची ठेव, नगं कसं म्हननार?

आन् लेक बाळंत झाली की वं! झालं... आमच्या मालकिनीनं, बायडाबाईनं दारं लावली, फटीत चिंध्या कोंबल्या, खिडकीवर वाकळ टांगली, बाजंखाली कोळशाची शेगडी, वर ओव्या-शेप्याची धुरी. का? तर बाळंतिणीला वारं लागतंय! तिकडं कोपऱ्यातल्या पेटीत मासं वर येऊन नुसतं तोंड उघडमीट करत्यात, हिकडं माजा जीव टांगणीला. आन् खिडकी? बंद.

शेवटी हायस्कुलात शास्त्र शिकवनाऱ्या हरिबा मास्तरांस्नी बोलावलं. त्यांनी निळा कागद पेटीत बुडवला, तर लालसर झाला. म्हनले, "धोंडिराम, शेगडीचा आणि तुमच्या श्वासाचा वायू कोंडलाय, तो पाण्यात उतरून पाणी आम्ल झालंय." पडद्याआडनं मालकीण म्हंती, "आंबलंय व्हय? मग खायचा सोडा टाकू?" मास्तरांनी कपाळाला हात लावला. पेटीतलं गिलासभर पानी ओट्यावर ठिवलं, वर-खाली ओतलं, चा पिऊन नवा निळा कागद बुडवला... निळाच ऱ्हायला! "औषध काही नको, हवा खेळती ठेवा. खिडकी उघडा."

आवं, मी वाकळंला हात घातला तर ही आडवी! "मासं मेलं तर दुसरं मिळत्याल, लेक मिळंल का?" मी म्हनलं, आगं, जावई तरी दुसरा मिळंल का? शेवटी तिनंच निवाडा दिला, "माशास्नी वारं पायजे न्हवं? मग पेटी ओट्यावर न्या." आन् खिडकी? बंद.

ओट्यावर मासं लागलं की वं पवायला! पन शेजारच्या साळूबाईचं मांजर पेटीफुडं ठाण मांडून. मग राखनीला कोन? मी! माघाची थंडी, उगडा ओटा... कान ठनकाय लागला, मान आकडली. बायडाबाईला असा आनंद झाला म्हनता! "बगा, लागलं का न्हाई वारं?" मला आत वढलं, कानाला फडकं बांदलं, माज्या बाजंखाली दुसरी शेगडी सारली, आन् पेटीवर पिठाची चाळन ठिवली. म्हंती, "आता मांजराचं भ्या न्हाई." ही चाळन आदी सुचली असती तर? पन इचारायचं कसं, धुरानं माजाच घसा बसलेला.

काल किस्नात आला. ओट्यावर मासं बगून खूस, मग आत येऊन माज्याफुडं बसला. म्हनला, "मामा, मासं एकदम झकास. पन तुमी का वं असं वर तोंड करून उघडमीट करताय?"

काय सांगू त्येला... खिडकी बंद हाय, बाबा.