मानेचा रोजचा फोटो

...आणि वर त्या व्यायामवाल्या बाई म्हणतात कशा, ‘काका, घाबरू नका.’ दवाखान्यात हे शब्द ऐकले की घाबरायचं असतं, एवढं मला या वयात कळतं. तसा मी घाबरट नाही. पण तुम्हाला सांगतो, सकाळी चूळ भरली आणि मान वर करायला गेलो, तर मान येईचना... दहा मिनिटं बेसिनच्या भोकाकडे बघत उभा. घरात दुसरं कुणी नाही, हाक मारायची कुणाला?

बाईंनी मानेवर तीन ठिकाणी अंगठा दाबला, तिन्ही ठिकाणी मी कळवळलो. ‘फोन किती वेळ बघता?’ फार नाही, म्हटलं, जेवताना. ‘आणि?’ चहा घेताना. ‘आणि?’ आणि... मधल्या वेळात. आता ही गेल्यापासून जेवताना बघायचं तरी कुणाकडे? फोन ताटाशेजारी ठेवला की निदान कुणीतरी बोलत असतं, भले पाण्याच्या टाक्या धुण्याबद्दल का असेना. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, ‘फोन डोळ्यांसमोर धरा, हनुवटी मागे घ्या, भिंतीला टेकून उभे राहा आणि रोज बाजूने एक फोटो काढून पाठवा, घरातलं कुणीही काढेल. बोटांना मुंग्या आल्या तर मात्र लगेच या.’ झालं. जिना उतरेपर्यंत दहाही बोटांना मुंग्या. तसा मी घाबरट नाही.

आता स्वतःचा बाजूने फोटो काढून बघा एकदा. बटण दिसायला मान वळवावी लागते, म्हणजे फोटोत येते ती वाकडीच मान. मुलगी परगावी, ती फोनवर बघून म्हणते, ‘बाबा, मला नुसत्या नाकपुड्या दिसतायत. येऊ का मी?’ ‘कशाला, ठणठणीत आहे.’ ती आली असती तर मला घेऊनच गेली असती हो, घराला कुलूप लावून. पण अंथरुणाला पाठ टेकली की वाटायचं, उद्या मान अडकली, उठताच आलं नाही, तर? दाराला दुधाच्या चार पिशव्या लटकल्यावर कुणीतरी म्हणणार, ‘काका दिसले नाहीत...’

शेवटी समोरची बेल वाजवली. तिथे मोजणीसाहेब राहतात, जन्मभर जमिनी मोजून निवृत्त झालेले. शेजारपाजाराचं खातं हिच्याकडे होतं. माझी त्यांची ओळख जिन्यात मान हलवण्यापुरती, आणि आता तर तीही हलत नव्हती. म्हटलं, ‘साहेब, मानेचा एक फोटो काढाल का?’ गृहस्थ आत गेले आणि ओळंबा घेऊन आले. ओळंबा हो, गवंडी भिंतीला लावतात तो, दोरीला वजन बांधलेला. चौकटीला टांगला, मला शेजारी उभं केलं. ‘कान खांद्याच्या रेषेत हवा. चार बोटं अतिक्रमण आहे तुमचं.’ ‘हटेल का?’ ‘भल्याभल्यांना बांध मागे घ्यायला लावलेत मी, मान काय घेऊन बसलात. श्वास रोखा.’ तसा मी घाबरट नाही, पण वाटलं, आता हे खुंटी ठोकतात.

दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला बेल. दार उघडायला जरा वेळ झाला तर बाहेरून, ‘अहो, आहात ना?’ मग रोज सात वाजता, सुट्टी नाही. पुढे चहालाही बसू लागले. माझा हात फोनकडे गेला की म्हणतात, ‘हद्द.’ एवढंच. फोन आपला तास तास चार्जिंगला पडलेला.

काल बाईंनी दीड महिन्याचे फोटो पाहिले. ‘काका, मान सरळ झाली. आता फोटो बंद केले तरी चालतील.’ मी खूश होऊन निघालो आणि जिन्यातच थबकलो... फोटो बंद, म्हणजे सातची बेलही बंद.

आज सकाळी साहेबांनी दोरी सोडली, एक डोळा मिटला आणि चेहराच पडला त्यांचा. ‘अर्धं बोट परत पुढे आलात की हो. अजून महिनाभर तरी यावं लागणार मला.’

म्हटलं, या. करता काय... पण अर्धं बोट पुढे काढून तसंच उभं राहायचं, म्हणजे मान फार दुखते हो.